घरप्रपंच : भिंत कोणाची?

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण ज्यानें केली त्याच्यावर घर भाड्यानें देण्याचा प्रसंग बहुधा आला नसावा. नाहीं तर म्हणीस तिसरा चरण जोडल्यावांचून तो राहता ना. घर बांधण्याचा त्रास एकदां होतो आणि वास्तुशांतीच्या जेवणाबरोबर तो विसरला जातो. भाड्यानें दिलेल्या घराचा त्रास मात्र दरवर्षीं मृग नक्षत्राचा हात धरून येतो.

वाशीमच्या एका भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचें नांव आम्ही देत नाहीं. परंतु कारंजें, रिसोड, मंगरूळपीर येथील कितीतरी घरांत थोड्याफार फरकानें हीच स्थिति असेल, म्हणून पत्राचा सारांश देतों. आजेसासर्‍यांनीं बांधलेला वाडा. पुढचा भाग जुन्या मातीच्या भिंतींचा आणि कवेलूंचा, मागचा नंतर बांधलेला स्लॅबचा. तिघे भाऊ, थोरले, म्हणजे या भगिनींचे यजमान, वाशीमांतच असतात, मधले पुण्यास, धाकटे अमेरिकेंत. सासूबाई हयात असून वाड्यांतच राहतात. बिर्‍हाडें तीन. रस्त्याकडील दोन खोल्यांत एक सेवानिवृत्त गुरुजी व त्यांच्या पत्नी १९७४ सालापासून राहतात. त्यांचें भाडें दरमहा १५० रुपये. मागील दोन बिर्‍हाडें नोकरदारांचीं, प्रत्येकीं २,५०० रुपयांचीं.

गेल्या पावसाळ्यांत गुरुजींच्या स्वयंपाकघराची दक्षिणेकडील भिंत फुगली. गवंड्यानें ती उतरवून पुन्हां बांधण्याचा खर्च १,४०,००० रुपये सांगितला. मधले दीर म्हणतात, “पडेल तेव्हां पडेल. भिंत पडली म्हणजे गुरुजीही जातील आणि जागा मोकळी होईल.” धाकटे म्हणतात, “वाड्यांत राहतां तुम्ही, तेव्हां खर्चही तुम्हीच करा.” यजमान कांहींच बोलत नाहींत. आणि भगिनी लिहितात, “रात्रीं पाऊस सुरू झाला कीं मला झोंप येत नाहीं. त्या काकू सकाळ-संध्याकाळ त्याच भिंतीशीं उभ्या राहून स्वयंपाक करतात. आम्हीं काय करावें?”

या पत्रांत प्रश्न एक दिसतो, पण आहेत तीन : भिंत पडूं द्यावी काय? ती बांधावी तर पैसा कोणाचा? आणि असा प्रसंग पुन्हां न येण्यास काय करावें? क्रमानें पाहूं.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर खरें पाहतां विचारण्याचीही गरज नसावी. ज्या भिंतीच्या आडोशास दोन वृद्ध माणसें राहतात ती पडण्याची वाट पाहणें ही काटकसर नव्हे आणि व्यवहारचातुर्य तर नव्हेच. परंतु पुण्यास असलेल्या दीरांस धर्माची भाषा पटत नसेल तर त्यांस हिशेबाची भाषा सांगावी. भिंत पडून कोणी दगावलें तर निष्काळजीपणानें मृत्यु घडविणें हा भारतीय न्याय संहितेप्रमाणें (२०२३) गुन्हा आहे, आणि गवंड्यानें आधींच सूचना दिलेली असतां ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ असें म्हणण्याची सोय मालकास उरत नाहीं. धोकादायक इमारतीविषयीं हुकूम काढण्याचा अधिकार १९६५ च्या नगरपरिषद-कायद्यानें पालिकेस दिलेला आहेच.

दुसरें असें कीं, घर पडलें म्हणजे भाडेकरू आपोआप गेला, ही समजूतच चुकीची आहे. महाराष्ट्रांतूनच गेलेल्या शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं असा निर्णय दिला कीं, इमारत पाडली गेली तरी तेवढ्यानें भाडेपट्टा संपत नाहीं. कारण भाड्यानें दिलेली वस्तु म्हणजे नुसत्या भिंती आणि छप्पर नव्हे, खालची जमीनही तींत आलीच. म्हणजे भिंत पडूं देऊन दीरांच्या पदरांत मोकळी जागा पडावयाची नाहीं. पडेल तो कोर्टाचा खटला, आणि आयुष्यभर मन खाणारी एक आठवण.

आतां दुसरा प्रश्न, पैशाचा. या बाबतींत वर्‍हाडचा इतिहास मुंबईहून वेगळा आहे आणि तो ठाऊक असल्याशिवाय आजची अडचण नीट कळणार नाहीं. मुंबई इलाख्यांत १९४७ चा भाडे-नियंत्रण कायदा आला आणि त्यानें भाडीं १९४० सालच्या पातळीवर बांधून टाकलीं. आपल्याकडे मध्यप्रांत-वर्‍हाडचा १९४९ चा घरें भाड्यानें देण्याविषयींचा व भाडे-नियंत्रणाचा हुकूम होता. त्याप्रमाणें भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वीं मालकास भाडे-नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. विदर्भ महाराष्ट्रांत आल्यावरही हा हुकूम चालूच राहिला. वाढत्या महागाईंत जुनें भाडें जेथल्या तेथें राहिलें. पुढें मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यांत, १९९७ च्या डिसेंबरांत, सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या कायद्यांतील गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघांत अवाजवी झाल्याचें म्हटलें. त्यानंतर सबंध राज्यासाठीं महाराष्ट्र भाडे-नियंत्रण अधिनियम, १९९९ झाला. तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला आणि वर्‍हाडचा जुना हुकूम इतिहासजमा झाला.

हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांस लागू आहे. आपलें गांव त्यांत येतें कीं नाहीं हें ज्यानें त्यानें प्रथम पाहून घ्यावें. जेथें तो लागू आहे तेथें घर राहण्यायोग्य स्थितींत ठेवणें हें मालकाचें बंधनकारक कर्तव्य आहे. मालकानें हयगय केली तर भाडेकरूनें निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, आणि तरीही काम न झाल्यास स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यांतून वळता करावा. जेथें हा कायदा लागू नाहीं तेथेंही १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें, मालकाकडे असलेली दुरुस्ती त्यानें न केल्यास ती करून खर्च वळता करण्याचा हक्क भाडेकरूस आहे. आणि जागा होती तशा स्थितींत, नेहमींची झीज सोडून, परत करण्याचें बंधन त्याच्यावर आहे.

परंतु येथें एक मेख आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणें भाडेकरूनें एका वर्षांत वळती करावयाची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असतां कामा नये. गुरुजींचें वर्षाचें भाडें १,८०० रुपये. त्याचा चौथा हिस्सा ४५० रुपये. एवढ्यांत भिंत तर राहोच, गवंड्याचा एक दिवसही निघणार नाहीं. उलट, कायद्यानें मालकास भाड्यांत दरवर्षीं ४ टक्के वाढ घेण्याचा हक्क दिला होता. या घरांत तो कोणीं बजावला नाहीं. भिडेपोटीं म्हणा, आळसानें म्हणा. बजावला असता तरी १५० रुपयांच्या भाड्यांतून ही भिंत उभी राहती ना. तात्पर्य, कायदा कर्तव्य कोणाचें तें सांगतो. पैसा कोठून आणावा तें सांगत नाहीं. मुंबईंत जुन्या इमारतींसाठीं १९६९ च्या कायद्यानें दुरुस्ती-मंडळ स्थापन झालें आणि त्यासाठीं उपकर बसला. वाशीमांत तसें मंडळ नाहीं. येथें मंडळ म्हणजे घरांतलीं माणसेंच.

पैसा कोठून आणावा हें मात्र सरकारनें दुसर्‍या एका कायद्यांत सुचवून ठेवलें आहे, आणि त्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकर आकारतांना पालिकेचा भरलेला कर वजा जातां जी रक्कम उरते तिच्या ३० टक्के इतकी सूट मालकास मिळते. खर्चाची पावती दाखवावी लागत नाहीं. १९२२ च्या जुन्या आयकर-कायद्यांत दुरुस्तीकरितां हाच हिस्सा एक-षष्ठांश होता. म्हणजे घराच्या उत्पन्नाचा कांहीं हिस्सा घराचाच आहे, मालकाचा नव्हे, हें तत्त्व सरकारही मानीत आलें आहे. मालक मात्र सूट घेतो आणि रक्कम खर्चून टाकतो.

या वाड्याचा हिशेब करून पाहूं. तिन्ही बिर्‍हाडांचें मिळून दरमहा भाडें ५,१५० रुपये, वर्षाचें ६१,८००. पालिकेचा कर १,८०० रुपये धरला तर उरले ६०,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे १८,००० रुपये. ही रक्कम आठ वर्षें वेगळ्या खात्यांत टाकली असती तर व्याज सोडूनच १,४४,००० रुपये जमले असते. गवंड्याचा आंकडा १,४०,००० चा आहे. वाचकांनीं दोन्ही आंकडे शेजारीं मांडून पहावे. त्यावर आम्हीं अधिक लिहिण्याची जरूर नाहीं.

ही कल्पना नवीन नाहीं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं येथेंच सांपडला. आपल्याकडील जुन्या दानपत्रांत देवळास किंवा विहारास जमीन देतांना ती कशासाठीं, तर पूजा, नैवेद्य आणि ‘खंडस्फुटित’ यांसाठीं, असा उल्लेख वारंवार येतो. खंडस्फुटित म्हणजे तुटलें-फुटलें असेल त्याची डागडुजी. देऊळ बांधणारा राजा स्वतःच्या कीर्तीबरोबरच त्याच्या भेगांचीही सोय लावून ठेवी. आपले आजे-पणजे वाडे बांधून गेले. खंडस्फुटिताची सोय लावण्याचें काम त्यांनीं आपल्यावर सोंपविलें.

आतां भावाभावांतील वांटणी. धाकट्या दिरांचें म्हणणें ऐकण्यास सरळ वाटतें, परंतु तें अर्धेंच खरें आहे. मालकी तिघांची समाईक असेल तर भिंत, छप्पर, पाया यांचा खर्च हिश्शाप्रमाणें तिघांवर येतो. अमेरिकेंत राहिल्यानें हिस्सा कमी होत नाहीं, तसा खर्चही कमी होत नाहीं. थोरले स्वतः ज्या खोल्या वापरतात त्यांतील रंग, फरशी, नळ यांचा खर्च मात्र त्यांनीं एकट्यानें सोसावा, हें न्यायाचेंच आहे. पण येथें थोरल्यांसही एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाडें त्यांच्या हातीं येतें. तें किती आलें, कर किती भरला, कवेलूंवर किती गेलें, याची वही त्यांनीं दरवर्षीं दोघां भावांस दाखविली आहे काय? दाखविली नसेल तर दूर असलेल्या भावाच्या मनांत संशय येणें स्वाभाविक आहे, आणि ‘तुम्हीच करा’ या शब्दांमागें पुष्कळदां तो संशयच असतो. एकत्र कुटुंबांत मोठ्यानें धाकट्यांस हिशेब देणें कमीपणाचें मानलें जातें. तसें मुळींच नाहीं. हिशेब दिल्यानें वडीलकी वाढते, आणि पैसा मागण्यास तोंड राहतें.

तिसरा प्रश्न, पुढल्या सोयीचा. वाशीमची माती बहुतांशीं काळी, कपाशीची. ती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आक्रसून तिला भेगा पडतात. घराचा पाया तिच्याबरोबर हालतो. भिंतीच्या मुळाशीं पाणी मुरूं दिलें कीं अर्धें नुकसान झालेंच. म्हणून भिंतीलगत चहूंकडून बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरशी घालावी, पागोळ्यांचें पाणी पन्हळींतून दूर सोडावें आणि न्हाणीघराची मोरी तुंबूं देऊं नये. मातीच्या अगर कच्च्या विटांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याची हल्लीं फार हौस आहे. तो वरून टणक दिसतो, पण आंतला ओलावा बाहेर पडूं देत नाहीं. भिंत आंतल्या आंत भुसभुशीत होते आणि एके दिवशीं गिलाव्यासकट फुगते. अशा भिंतीस चुन्याचा किंवा पांढर्‍या मातीचाच गिलावा बरा.

भिंतीच्या फटींत उगवलेला पिंपळ हा आपल्या घरांतील एक नाजूक विषय आहे. तो उपटणें पाप म्हणून राहूं देतात, आणि दहा वर्षांनीं तोच भिंत फोडतो. रोप लहान असतांनाच मुळासकट सोडवून देवळाच्या पाराशीं किंवा गांवाबाहेर मोकळ्या जागीं लावावें. त्यानें पिंपळही जगतो आणि भिंतही.

वर्षाचा क्रम असा ठेवावा. फाल्गुनांत सबंध घर एकदां फिरून पहावें आणि वहींत टिपावें : कोठें भेग, कोठें ओल, कोणत्या वाशास वाळवी. भेगेच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीची खूण करून तारीख घालावी. पुढल्या वर्षीं भेग वाढली कीं नाहीं हें डोळ्यांनीं दिसतें. वैशाखांत कवेलू फेरून घ्यावे, फुटके बदलावे, वानरांनीं सरकविलेले बसवावे. स्लॅबवरच्या भेगा बुजवून पाणी जाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्या. हें काम मृगाच्या आधीं संपलें पाहिजे, कारण मृगांत गवंडी मिळत नाहीं आणि मिळाला तर त्याचा दर आपल्या हातीं राहत नाहीं. पाऊस चालू असतांना विजेच्या तारा व खटके ओले होत नाहींत ना, एवढें जरूर पहावें. दिवाळीपूर्वीं चुना-रंग आणि लांकूडकाम. माघांत पाण्याच्या टाक्या धुवून घ्याव्या. उन्हाळ्यांत नळाला पाणी बेताचेंच येतें, तेव्हां टाकी गळकी असणें परवडणारें नाहीं.

कोणतें काम कोणाचें हें भाडें ठरवितांनाच लिहून ठेवावें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जो आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला तो राज्यांवर बंधनकारक नाहीं, परंतु त्यांतील वांटणी उचलण्यासारखी आहे : इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींचा चुना, दारें-खिडक्यांचा रंग, पाण्याचे नळ बदलणें आणि विजेच्या तारा मालकाकडे, तोट्या, मोरीची सफाई, विजेचे खटके, कुलुपें, खिडक्यांच्या कांचा भाडेकरूकडे. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हां जिल्ह्याचें ठिकाण झाल्यापासून कचेर्‍यांबरोबर बदलीचे नोकर आले, आणि अशा बिर्‍हाडांशीं दोन-तीन वर्षांचाच संबंध असतो. तेथें तोंडी बोलण्यावर भिस्त ठेवूं नये. करार लेखी करून नोंदविणें ही १९९९ च्या कायद्याप्रमाणें मालकाचीच जबाबदारी आहे, आणि भाड्याची पावती देणेंही.

कराराइतकीच महत्त्वाची गोष्ट वागणुकीची. घर आपलें असलें तरी त्यांतील बिर्‍हाड आपलें नव्हे. पाहणी करावयाची तर आधीं सांगून, सोयीच्या वेळीं जावें. पुरुषमाणसें कामावर गेलेलीं असतां अगर ऐन जेवणाच्या वेळीं जाऊन उभें राहूं नये. पूर्वसूचना देऊन पाहणी करण्याचा हक्क कायदाही देतो. पण पाणी किंवा वीज तोडून कोणास घालविण्याचा हक्क तो देत नाहीं. भाडेकरूनेंही गळती दिसतांच त्याच दिवशीं सांगावें. ‘मालकाचें घर, मालक पाहील’ असें म्हणून पाणी चार महिने झिरपूं देणें म्हणजे आपल्याच डोक्यावरचें छप्पर कुजूं देणें होय. नारदस्मृतींत दुसर्‍याच्या जमिनीवर भाडें देऊन घर उभारणारानें जातांना आपलें गवत, लांकूड, विटा घेऊन जाव्या असें सांगितलें आहे. मालकाचें काय आणि राहणाराचें काय हें नीट वेगळें ठेवण्याची दृष्टि आपल्या परंपरेंत जुनीच आहे.

आतां या भगिनींस आमचें स्पष्ट सांगणें. पैशाचा वाद मिटेपर्यंत थांबूं नका. याच आठवड्यांत जाणत्या गवंड्याकडून भिंतीस बाहेरून भक्कम टेकू द्यावा, आणि गुरुजींच्या स्वयंपाकाची सोय वाड्यांतील दुसर्‍या खोलीत करावी. त्यांना हलवितांना एक गोष्ट विसरूं नये. पन्नास वर्षें एका जागीं राहिलेल्या माणसास ‘दोन महिने तिकडे रहा’ म्हटलें कीं त्याला पहिली शंका येते ती परत येऊं देतील कीं नाहीं याची. म्हणून भिंत बांधून झाल्यावर त्याच खोल्या त्याच भाडेकरारानें परत देऊं, असें तिघां भावांच्या सह्यांनीं लिहून द्यावें. दुरुस्तीसाठीं जागा रिकामी करून घेतल्यास भाडेकरूस ती परत मिळण्याची तजवीज कायद्यांतही आहे. पण कोर्टाच्या कागदापेक्षां घरच्या कागदानें त्यांस अधिक स्वस्थ वाटेल. मग गुरुजींशीं भाड्याचें बोलणें काढण्यास हरकत नाहीं. जो मालक आधीं भिंत बांधतो त्याला भाडें वाढवून मागतांना संकोच करण्याचें कारण उरत नाहीं, आणि आमचा तर्क असा कीं गुरुजीही नाहीं म्हणणार नाहींत.

यजमानांनीं गेल्या पांच वर्षांचा भाड्याचा हिशेब एका कागदावर मांडून, गवंड्याचा आंकडा व भिंतीचे फोटो जोडून दोघां भावांकडे पाठवावा. हल्लीं पुणें आणि अमेरिका दोन्ही एका घटकेच्या अंतरावर आहेत. खर्चाचे तीन समान हिस्से मागावे. कोणास एकदम देणें जड जात असेल तर यजमानांनीं तूर्त भरून भाड्याच्या उत्पन्नांतील त्याच्या हिश्शांतून फेडून घ्यावें आणि तसें लिहून ठेवावें. हें बोलणें सासूबाईंच्या समोर व्हावें, असें आम्हांस वाटतें. त्यांच्या देखत ‘पडूं दे’ हा शब्द मधल्या चिरंजिवांच्या तोंडून सहसा निघणार नाहीं.

वाडा पुढें ठेवावयाचा कीं विकावयाचा, हा निराळा प्रश्न आहे आणि त्यावर तिघांनीं सावकाश विचार करावा. विकणें यांत पाप नाहीं. परंतु तो विचार भिंत सरळ उभी असतांना, गुरुजींशीं समोरासमोर बोलून आणि त्यांच्या राहण्याची कांहीं तरी वाजवी व्यवस्था लावून व्हावा. भाडेकराराच्या कागदांत कोणतीं कलमें असावीं याविषयीं आणखीही कांहीं वाचकांचीं पत्रें आलीं आहेत. त्यांचा विचार पुढील अंकीं करूं.